चाचणीत ०.९४, कॅमेऱ्यावर भलतंच: तांब्याच्या वायसरला मॉडेल निळा म्हणतंय

खटपट्या

नमस्कार मंडळी,

सुटे भाग ओळखणारं एक मॉडेल शिकवलंय. वर्ग पाच: बोल्ट, नट, स्टीलचा वायसर, तांब्याचा वायसर आणि निळा नायलॉनचा वायसर. चित्रातल्या वस्तू शोधून त्यांभोवती चौकट काढणाऱ्या योलोव्ही८चं सगळ्यात लहान मॉडेल घेतलं, इनपुट ६४० बाय ६४० पिक्सेल, कोको या सार्वजनिक चित्रसंचावर आधीच शिकलेली वजनं (मॉडेलचे आतले आकडे) घेऊन पुढे आपल्या फोटोंवर शिकवलं. व्हॅलिडेशनला, म्हणजे बाजूला ठेवलेल्या फोटोंवरच्या चाचणीत, एमएपी५० (वस्तू किती आणि किती नेमक्या सापडतात याचा एकत्रित गुण, जास्तीत जास्त १) चक्क ०.९४ आला. मग ऑनिक्समध्ये (मॉडेल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेण्याचा फाइल प्रकार) एक्स्पोर्ट केलं आणि स्वतःच्या पायथन प्रोग्रॅममध्ये बसवलं. कॅमेरा १९२० बाय १०८०, ट्रेच्या बरोब्बर वर टांगलेला, खाली बघणारा.

तिथून पुढे सगळं बिनसलंय. तांब्याच्या वायसरला तो बिनदिक्कत निळा नायलॉन म्हणतो, तेही ०.८ च्या वर खात्रीने. निळ्याला कधी तांबं म्हणतो, कधी काहीच म्हणत नाही. बोल्ट, नट, स्टीलचे वायसर मात्र नावानिशी बरोबर. चौकटीही जागेवर बसत नाहीत, वस्तू एकीकडे आणि चौकट दुसरीकडे. आणि ट्रे पूर्ण रिकामा असला तरी दोनचार 'नट' दिसतातच.

डेटा कमी पडतोय का? अजून फोटो काढून लेबल करायला बसू, की सरळ मोठं मॉडेल घेऊ?

अधांतरी

कॉन्फिडन्सची, म्हणजे मॉडेलच्या खात्रीची, मर्यादा किती ठेवली आहे? ०.२५ असेल तर ०.६ करून बघा. निम्मा कचरा तिथेच गळून जाईल.

पिक्सेलपंत

खटपट्या, कृपा करून एकही नवा फोटो काढू नका आणि मॉडेलही बदलू नका. ०.९४ आणणारं मॉडेल आणि कॅमेऱ्यावर चुकणारं मॉडेल एकच आहे की नाही, हेच अजून ठरलेलं नाही. वजनं तीच असतील, पण त्यांच्या तोंडाशी जे चित्र जातंय ते तेच आहे का? ज्या पॅकेजने (अल्ट्रालिटिक्स) शिकवलं त्याच पॅकेजने चाचणीही घेतली. चित्राचा आकार बदलणं, रंगांचा क्रम, २५५ ने भागणं, चौकटी मूळ चित्रावर परत नेणं हे सगळं ते गुपचूप करत होतं. तुमच्या प्रोग्रॅममध्ये ते सगळं तुमच्या गळ्यात पडलंय.

म्हणून आधी एवढंच करा. व्हॅलिडेशनमधला एक फोटो घ्या, ज्यात तांब्याचा वायसर आहे आणि पॅकेज तो बरोबर ओळखतं. तोच फोटो, कॅमेरा बाजूला ठेवून, फाइल म्हणून तुमच्या प्रोग्रॅमला द्या. तिथेही निळा आला तर दोष मॉडेलचा नाही आणि डेटाचाही नाही, मधल्या वाटेत आहे. बरोबर आला तर कॅमेऱ्याचं चित्र शिकवलेल्या चित्रांपेक्षा वेगळं आहे, आणि मग तपासाची दिशाच बदलते.

दुसरं, मॉडेलला देण्याआधी चित्राच्या आकड्यांचा जो अ‍ॅरे तयार होतो तो परत चित्र म्हणून साठवा आणि डोळ्यांनी बघा. तिसरं, आउटपुटचा आकार छापा. पाच वर्ग आणि ६४० चा इनपुट असेल तर १×९×८४०० यायला हवा: ८४०० संभाव्य चौकटी, प्रत्येकीचे नऊ आकडे, चार चौकटीचे, पाच वर्गांचे. योलोव्ही५चा नमुना कोड उचलला असेल तर तो पाचव्या जागी 'वस्तू आहे की नाही' हा वेगळा आकडा धरतो. व्ही८मध्ये तो नाहीच. मग पहिल्या वर्गाचा गुण त्या जागी वाचला जातो आणि बाकीची नावं एकेक घर सरकतात.

शून्यप्रहर

पंतांना +१.

अधांतरी, मर्यादा वाढवून कचरा गळतो हे खरं, पण इथे चुकीचं उत्तर ०.८ ने येतंय. ०.६ च्या चाळणीतून तेच सुखरूप पार होईल आणि कुठे तरी ०.५ वर अडकलेलं बरोबर उत्तर गळेल. मर्यादेला हात लावायचा तो शेवटी.

खटपट्या

पंत, फोटो दोन्ही वाटांनी चालवला. पॅकेजमधून तांबं ०.९३. माझ्या प्रोग्रॅममधून तोच वायसर निळा, ०.८६. म्हणजे दोष मधल्या वाटेतच. आउटपुट १×९×८४०० आहे, वाचतानाही चार आणि पाच असंच वाचतोय, व्ही५चा कोड नाही.

पण कोडं सुटत नाहीये. मॉडेलला द्यायच्या आधीचा अ‍ॅरे २५५ ने गुणून ओपनसीव्ही या चित्रांच्या लायब्ररीतल्या इमराइटने साठवला. रंग अगदी बरोबर! तांबं तांब्यासारखं, निळं निळं. वर-खाली राखाडी पट्ट्या आहेत, त्या असायलाच हव्यात ना?

पिक्सेलपंत

रंग बरोबर दिसले, इथेच पकडला गेला!

ओपनसीव्हीचं इमरीड आणि व्हिडिओकॅप्चर चित्र निळा-हिरवा-लाल या क्रमाने देतात. तुमच्या मॉडेलला हवाय लाल-हिरवा-निळा. इमराइटही निळा-हिरवा-लाल असंच गृहीत धरून फाइल लिहितो. म्हणजे ज्या क्रमाने आत आलं त्याच क्रमाने बाहेर गेलं, डोळ्यांना सगळं छान दिसलं, आणि मॉडेलने मात्र अदलाबदल झालेलेच रंग पाहिले. खरं तर मॉडेलला योग्य असलेला अ‍ॅरे इमराइटने साठवला, तर चित्र विचित्र रंगांचं दिसायला हवं. हा अ‍ॅरे (तुमचा आत्ताचा) पिलोने किंवा मॅटप्लॉटलिबने दाखवून बघा (त्या लायब्रऱ्या लाल-हिरवा-निळा धरतात), तांब्याचे वायसर निळे दिसतील.

तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये याची खूण होती. तांब्याचा रंग साधारण लाल १८४, हिरवा ११५, निळा ५१ असा असतो. टोकाचे दोन आकडे उलटले की ५१, ११५, १८४, म्हणजे चांगला ठसठशीत निळा. स्टीलच्या राखाडीत तिन्ही आकडे जवळपास सारखे, उलटले काय नि न उलटले काय. म्हणून बोल्ट, नट, स्टील शाबूत आणि गोंधळ फक्त रंगीत वर्गांचा. मॉडेल बिचारं प्रामाणिकपणे सांगतंय, मला निळा दिसला.

सीव्हीटीकलरने बीजीआरचं (निळा-हिरवा-लाल) आरजीबी (लाल-हिरवा-निळा) करा, किंवा अ‍ॅरेचा चॅनलचा अक्ष उलटा करा. पण एकदाच करा. घाबरून दोन ठिकाणी केलं की मूळ पदावर.

वाचनमात्र

धागा वाचतोय, वाचनखूण साठवली. एक अवांतर शंका: पॅकेजला फाइलच्या नावाऐवजी नमपाय या पायथन लायब्ररीचा अ‍ॅरे दिला तर तिथे कुठला क्रम हवा?

पिक्सेलपंत

अल्ट्रालिटिक्सच्या प्रेडिक्टला (चित्रातलं ओळखायची आज्ञा) नमपाय अ‍ॅरे दिला तर तो बीजीआर धरतो आणि आतमध्ये स्वतः उलटवतो. टॉर्च या लायब्ररीचा टेन्सर (तिचा आकड्यांचा तक्ता) दिला तर मात्र आरजीबी, शून्य ते एकमध्ये, तयार मालच द्यायचा. पिलोने उघडलेल्या चित्राचा नमपाय अ‍ॅरे करून दिलात तर याच धाग्यातली गंमत उलट्या बाजूने होते.

टॉर्चव्हिजनच्या फास्टर आरसीएनएन या दुसऱ्या मॉडेलची तऱ्हा आणखी वेगळी. इमेजनेट या चित्रसंचाच्या रंगांची सरासरी ०.४८५, ०.४५६, ०.४०६ वजा करणं तो आतच करतो. आपण शहाणपणाने आधीच केलं की ते दोनदा होतं. तेव्हा मॉडेल पूर्ण बरळत नाही, नुसतं मंद होतं, आणि हे पकडायला जास्त कठीण.

खटपट्या

पंत, दंडवत. एक ओळ घातली आणि तांबं ०.९३, दोन्ही वाटांनी तंतोतंत.

आता चौकटी. जरा नीट बघितलं तर त्या वाट्टेल तिथे नाहीत, त्यात काहीतरी शिस्त आहे. ट्रेच्या मधोमध ठेवलेल्या नटाची चौकट जवळजवळ जागेवर, फक्त बुटकी. वरच्या कडेचा बोल्ट घेतला तर चौकट खाली सरकते, खालच्या कडेचा घेतला तर वर. डावी-उजवीकडे मात्र कुठेही फरक नाही.

शून्यप्रहर

असं वर्णन आलं की निम्मं काम होतं. गणित करू.

१९२० बाय १०८० ला लेटरबॉक्सने (प्रमाण न बिघडवता लहान करून, उरलेली जागा पट्ट्यांनी भरून) ६४० मध्ये बसवलं की दोन्ही बाजूंना ३ ने भाग जातो: ६४० बाय ३६०. उरलेले २८० पिक्सेल वर १४० आणि खाली १४० असे राखाडी पट्ट्यांत जातात. त्याच तुम्हाला दिसल्या. परत येताना उभ्या आकड्यातून आधी १४० वजा करायचे, मग ३ ने गुणायचं.

माझा अंदाज, तुम्ही परत येताना रुंदीला १९२०/६४० आणि उंचीला १०८०/६४० ने गुणताय. पहिला गुणक ३, तो बरोबर, म्हणून आडवं सगळं ठीक. दुसरा १.६८७५, आणि १४० वजाही झालेले नाहीत. मग खरं उभं स्थान य असेल तर तुमच्या चित्रावर येतं ०.५६२५ य + २३६.२५. य = ५४० घाला, ५४० च मिळतात, म्हणून मधला नट जागेवर. य = १०० घाला, २९२.५, म्हणजे चौकट खाली. य = ९८० घाला, ७८७.५, म्हणजे वर. आणि सगळ्यांची उंची ५६ टक्के, म्हणून बुटक्या.

असं असेल तर जाताना लेटरबॉक्स आणि येताना ताणणं, अशी दोन कोडची सरमिसळ झालीय.

खटपट्या

शब्दशः हेच होतं. जाण्याचा भाग एका ठिकाणचा, येण्याचा दुसरीकडचा. दुरुस्त केलं, चौकटी वस्तूला चिकटून बसल्या.

वाचनमात्र

माझंही एक विचारून घेतो, वेगळा धागा काढण्याइतकं मोठं नाही. डावा बाण आणि उजवा बाण असे दोन वर्ग आहेत. बाण सापडतो चोख, पण डावा की उजवा हे निव्वळ नाणेफेक. माझी वाट वगैरे तपासली, पॅकेजमध्येच असं होतंय.

लेबलवाली

फ्लिपएलआर ही शिकवण्याची सेटिंग शून्य करा आणि पुन्हा शिकवा. त्याची मूळ किंमत ०.५ असते. म्हणजे शिकताना अर्ध्या वेळा चित्र आरशातल्यासारखं उलटवलं जातं, बाण उजवा होतो, लेबल 'डावा'च राहतं. नाणेफेक तुम्हीच शिकवली आहे त्याला. अंक आणि अक्षरं ओळखताना, किंवा वस्तूची बाजू महत्त्वाची असते तिथे ही खोड नेहमी निघते.

खटपट्या

उरला भुताचा प्रश्न. रिकाम्या ट्रेवर अजूनही नट दिसतात, ०.४ ते ०.७. तोच फ्रेम फाइल करून पॅकेजला दिला, तिथेही तेच आणि तेवढेच. म्हणजे या वेळी वाट निर्दोष, बरोबर ना?

लेबलवाली

बरोबर. आता खरंच मॉडेलकडे बघायची वेळ. दोन प्रश्न: नट नेमके कुठे दिसतात, दर वेळी त्याच जागी? आणि शिकवलेले फोटो याच ट्रेवरचे आहेत का?

खटपट्या

त्याच जागी. ट्रेला निथळण्यासाठी गोल भोकं पाडलेली आहेत, त्यातल्या कडेच्या भोकांवर. शिकवायचे फोटो साध्या राखाडी चटईवर काढले होते, ट्रे नंतर आला.

लेबलवाली

मग भूत नाही, भोक आहे :)

मॉडेलच्या आयुष्यात गोल कडा आणि आत काळोख असलेली वस्तू म्हणजे नट नाहीतर वायसर. तिसरा पर्याय त्याला कधी दाखवलेलाच नाही. 'हे काही नाही' हेही फोटोंतूनच शिकवावं लागतं. रिकाम्या ट्रेचे फोटो घ्या: सकाळचे, संध्याकाळचे, दिवा लावून, दिवा न लावता, ट्रे थोडा फिरवून, ओला असताना. त्यांना लेबलची फाइल लागत नाही. फाइल नसली की पॅकेज ते चित्र नुसती पार्श्वभूमी म्हणून धरतं. किती घालायचे? अल्ट्रालिटिक्सची शिफारस एकूण चित्रांच्या ० ते १० टक्के. मी असते तर थोडे घालून सुरुवात केली असती, आणि जिथे जिथे खोटा नट उमटतो नेमके तेच फ्रेम निवडून घातले असते. सरसकट शेकडो सारखेच रिकामे फोटो ओतून फार काही साधत नाही.

पण फक्त रिकामा ट्रे पुरणार नाही. भोकांच्या ट्रेवर ठेवलेल्या वस्तूंचेही लेबल केलेले फोटो हवेत. नाहीतर ते वेगळंच काही शिकेल: भोकं दिसली की समजा काही नाही. आजूबाजूवरून अंदाज बांधायची ही खोड जुनीच आहे. २०१८ साली रोझेनफेल्ड, झेमेल आणि त्सोत्सोस यांनी घरातल्या खोलीच्या चित्रावर एक हत्ती चिकटवून त्याची जागा बदलत पाहिली. हत्ती काही जागी सापडे, काही जागी सापडत नसे, आणि त्याच्यामुळे दूरवरच्या दुसऱ्याच वस्तूंची नावंही बदलत.

आणखी एक काम, कंटाळवाणं पण सगळ्यात जास्त मोबदला देणारं. व्हॅलिडेशनमधल्या 'चुकीच्या' चौकटी कॉन्फिडन्सच्या उतरत्या क्रमाने लावा आणि वरच्या एकेक उघडून बघा. माझा अनुभव असा, की सगळ्यात ठाम 'चुका' बहुतेकदा चुका नसतातच. तिथे खरंच वायसर असतो, लेबल लावणाऱ्याच्या नजरेतून निसटलेला असतो. असे निसटलेले वायसर शिकवायच्या फोटोंतही असणार, आणि तिथे मॉडेलला वायसरला वायसर म्हटल्याबद्दल दंड होत असतो. निळे वायसर कधी कधी 'काहीच नाही' होत होते ना? ते रंगांमुळेच असेल, पण एकदा लेबलंही चाळून घ्या.

अधांतरी

ठीक, मर्यादेचं माझं म्हणणं घाईचं झालं. पण मग ०.७ म्हणजे नक्की काय? दहापैकी सात वेळा बरोबर?

शून्यप्रहर

तसं असावं अशी आपली इच्छा असते, हमी कुणी दिलेली नसते. तो आकडा मॉडेलने शिकलेला गुण आहे. आधुनिक न्यूरल जाळी गरजेपेक्षा जास्त ठाम बोलतात हे गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये वर्गीकरणाच्या जाळ्यांवर दाखवलं होतं. शिवाय कधीच न पाहिलेल्या गोष्टीवर, उदाहरणार्थ भोकावर, तो गुण कमीच येईल असंही नाही.

०.७ चा तुमच्यापुरता अर्थ हवा असेल तर स्वतः मोजायचा. खऱ्या कॅमेऱ्याचे लेबल केलेले फ्रेम घ्या, ०.६५ ते ०.७५ मधल्या सगळ्या चौकटी काढा, त्यातल्या किती बरोबर ते मोजा. मर्यादाही अशाच मोजणीवरून ठरवा, आणि प्रत्येक वर्गाची वेगळी ठेवायला हरकत नाही. नट हुकला तर चालतंय पण तांब्याचा वायसर हुकून चालत नाही, असं असेल तर एकच आकडा सगळ्यांना कशाला?

आणि व्हॅलिडेशनचे आकडे ०.००१ इतक्या खालच्या मर्यादेपासून मोजलेले असतात, प्रेडिक्ट ०.२५ वर चालतो. एमएपी बघून 'माझं मॉडेल ९४ टक्के बरोबर' असं कुणाला सांगू नका. तो त्याचा अर्थच नाही.

पिक्सेलपंत

त्या ०.९४ वरून आठवलं. खटपट्या, चटईवरचे फोटो सुटे काढले होते की व्हिडिओतून फ्रेम उचलले? आणि शिकवायचे व तपासायचे वेगळे कसे केले?

खटपट्या

व्हिडिओतून. सगळे फ्रेम एकत्र करून, पिसून, ८०-२०.

पिक्सेलपंत

मग तो आकडा विसरा. व्हिडिओतले शेजारचे दोन फ्रेम म्हणजे जवळपास एकच चित्र. एक शिकायला गेला, दुसरा परीक्षेला. प्रश्नपत्रिका आधीच फुटलेली होती. अख्खा व्हिडिओ एकतर या बाजूला नाहीतर त्या बाजूला, असं वाटा. ट्रेवरचं चित्रीकरण नवं करणारच आहात, तर त्यातली एक पूर्ण फेरी, वेगळ्या उजेडातली, फक्त तपासणीला राखून ठेवा आणि तिला शिकवताना हात लावू नका. आकडा खाली येईल. येऊ द्या.

खटपट्या

ट्रेवरचं नवं चित्रीकरण झालं, लेबलवालींनी सांगितल्याप्रमाणे रिकाम्या ट्रेसकट. वाटणी व्हिडिओनुसार केली. राखून ठेवलेल्या फेरीवर एमएपी५० आला ०.८७, भोकांवरचे नट गेले. लेबलं चाळताना निसटलेले वायसर भरपूर सापडले, बहुतेक चित्राच्या कडेला अर्धवट कापलेले.

आता राहिलेल्या चुका जवळपास एकाच जातीच्या आहेत: वायसर एकमेकांवर चढलेले असले की त्यातला एक गायब होतो. सुटे ठेवले की दोन्ही दिसतात.

शून्यप्रहर

एनएमएसचा (एकाच वस्तूवरच्या जादा चौकटी पुसणारी पायरी) आयओयू (दोन चौकटींचा सामाईक भाग भागिले एकत्रित भाग) किती आहे तुमच्या प्रोग्रॅममध्ये?

खटपट्या

०.४५. कोडमध्ये तसाच होता.

शून्यप्रहर

मग मॉडेलला दोन्ही दिसत असणार, पुसतोय तो एनएमएस. एकाच मापाचे दोन वायसर पाव रुंदीने सरकून एकमेकांवर पडले आहेत असं धरा. दोन चौकटींचा सामाईक भाग ०.७५, एकत्रित भाग १.२५, आयओयू ०.६. तुमच्या ०.४५ च्या नियमाने दुसरी चौकट म्हणजे पहिलीचीच नक्कल, म्हणून ती जाते. ०.७ ठेवलंत तर ती वाचेल. पॅकेजच्या प्रेडिक्टचाही मूळ आकडा ०.७ च आहे, म्हणून तिथे हेच फ्रेम चालवून बघा, दोन्ही वायसर मिळायला हवेत.

एवढंच की आकडा वाढवला की कधी कधी एकाच वायसरवर दोन चौकटी येतील. राखलेल्या फेरीवर ०.५ पासून ०.७५ पर्यंत थोडं थोडं वाढवत गायब किती आणि दुहेरी किती हे दोन्ही मोजा. आणि अर्ध्याहून जास्त झाकलेल्या वायसरसाठी एनएमएसशी झगडण्यात अर्थ नाही. ट्रेला एक हलका धक्का देऊन ते सुटे करणं स्वस्त पडेल.

खटपट्या

पॅकेजमध्ये दोन्ही मिळाले. प्रोग्रॅममध्ये ०.६५ वर बेत जमतोय, दुहेरी चौकटी अगदी क्वचित. धक्क्याचं यंत्रवाल्यांना विचारतो.